मांडवीवरचं जेवण आणि पणजीकरांची संध्याकाळ

संध्याकाळी सहानंतर पणजीत मांडवी नीट बघायची असेल तर तिकीट काढावं लागतं. वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर आजच पाटोच्या पुलापासून मिरामारच्या दिशेनं चालत निघा. नदी उजव्या हाताला. सुरुवातीलाच पर्यटन बोटींची जेटी, तिथं तिकिटांच्या खिडक्या, परराज्यातल्या बसगाड्यांची रांग, "सर, क्रूझ? डिनर क्रूझ?" करत मागं लागणारी पोरं. पुढं बांदोडकर मार्गाला लागलात की कॅसिनोंच्या कचेऱ्या, रोषणाईच्या कमानी, तुमची गाडी लावून देतो म्हणणारे गणवेशातले लोक. पाण्यात बघावं तर तरंगती हॉटेलं उभी, क्षणात जांभळी, क्षणात लाल. पलीकडची बेती, रेईश मागूशचा किल्ला, हे सगळं त्यांच्या फटीतून दिसलं तर दिसलं. फुटपाथ आहे, बाकंही आहेत, नाही असं नाही. पण त्या बाकावर बसून समोर जे दिसतं ती नदी नसते, जाहिरात असते.

सध्या सुट्ट्यांचा हंगाम. घरी आलेला प्रत्येक पाहुणा दुसऱ्या दिवशी विचारतोच, "ते बोटीवरचं जेवण कसं असतं हो? जायचं का?" म्हणून हे लिहायला घेतलं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर अर्धी मंडळी इथंच वाचायचं सोडून भांडायला येतील. डिनर क्रूझला माझा विरोध नाही. दोन तास बोटीत बसावं, वारा घ्यावा, चार घास खावेत, ह्यात वाईट काय आहे? उलट नदीकाठी राहणाऱ्या माणसाला हे सुख अधूनमधून तरी परवडायला हवं. माझं भांडण वेगळं आहे. हे सुख आपण फक्त विकायला काढलंय, आणि विकताना नदी सोडून बाकी सगळं विकतोय.

कधीच न गेलेल्यांसाठी थोडं वर्णन करतो. (असे पणजीकर पुष्कळ आहेत. मळ्यातले माझे एक परिचित चाळीस वर्षं नदीपासून पाच मिनिटांवर राहतात, एकदाही गेले नाहीत.) बोट जेटीवरून सुटते, पणजीच्या काठानं खाली जाते. डावीकडं जुनं सचिवालय, कांपाल, कला अकादमी, मिरामार. उजवीकडं बेती, वेरें, रेईश मागूश. समोर आग्वादच्या बाजूला मोकळा समुद्र दिसायला लागतो न लागतो तोच बोट वळते आणि परत येते. लहान फेरी तासाभराची, जेवणाची त्याहून मोठी. वरच्या डेकवर स्टेज, स्टेजच्या दोन्ही अंगांना माणसाएवढे स्पीकर, आणि खुर्च्या. ह्या खुर्च्यांची तोंडं कुठं असतात? स्टेजकडं. नदी बघायला पैसे भरून आलेला माणूस नदीकडं पाठ करून बसतो, आणि ती मांडणी त्यानं केलेली नसते.

मग डीजे. आधी "ओन्ली किड्स", मग जोडपी, मग बायका, मग "ओन्ली जेंट्स". मुलं हिंदी गाण्यांवर नाचतात, बाप मोबाइल वर धरून व्हिडिओ काढतात. मधेमधे "आता आपल्यासमोर सादर होत आहे गोव्याची संस्कृती". खालच्या डेकवर बुफे. पनीरची लाल ग्रेव्ही, चिकनचीही जवळजवळ तीच लाल ग्रेव्ही, जिरा राइस, दाल, गुलाबजाम. मांडवीवरच्या जेवणात मांडवीतलं काय असतं, हा प्रश्न एकदा वाढप्याला विचारून बघा. ह्या नदीनं आणि तिच्या खाजनांच्या मानशींनी पिढ्यान् पिढ्या तिसवाडीला शेवटे दिले, काळुंद्रं दिली, तिसऱ्या दिल्या, कुर्ल्या दिल्या. ताटात त्यातलं एक नाही. हेच जेवण हुबळीच्या लग्नाच्या हॉलमध्ये मिळतं, आणि तिथं ते गरम मिळतं.

जेवणाचं एक वेळ सोडून देऊ. नाचाबद्दल बोलू, कारण तिथं मला खरंच राग येतो.

ह्या बोटींवर देखणी नाचतात. बघणाऱ्यांना ती "बॉबी"मधल्या गाण्यामुळं ओळखीची वाटते. राज कपूरनं 1973 साली आपली जुनी देखणीची चाल उचलून सिनेमात घातली. त्या मूळ गाण्यात गोष्ट काय आहे? एका नाचणारणीला नदीपलीकडं दामूच्या लग्नाला जायचंय. ती नावाड्याला विनवते, मला पैलतीरी ने. तो नाही म्हणतो. ती अंगावरचे दागिने काढून द्यायला तयार होते. नदी ओलांडायला मिळावी एवढंच त्या बाईचं मागणं. आणि आपण तिला कुठल्या बोटीवर नाचवतोय? जी कुणालाच पलीकडं नेत नाही अशा. जिथून निघाली त्याच जेटीला परत लागणाऱ्या. निवेदक ह्या गोष्टीचं एक वाक्य तरी सांगेल? नाही. "नाऊ, फेमस गोवन डान्स!" आणि शिट्ट्या.

फुगडी चवथीची, घरातल्या आणि वाड्यावरच्या बायकांची. कुणबी नाच शेतात राबणाऱ्यांचा. कोरेदिन्यो पोर्तुगिजांबरोबर आला, इथं रुळला. प्रत्येकाला आपलं घर आहे, आपली वेळ आहे. स्टेजवर नाचूच नये असं माझं म्हणणं नाही, कला स्टेजवर येणारच. पण चार मिनिटांत तीन नाच उरकून लगेच "चला, आता कपल्स" म्हणणं हे सादरीकरण नव्हे, ही मधल्या वेळेची भरती झाली. आणि नाचणाऱ्या पोरापोरींचा ह्यात शून्य दोष. त्यातली बरीच कॉलेजात शिकतात, संध्याकाळी फेरीमागून फेरी नाचतात, कपडे तेच, हसू तेच. त्यांना एका फेरीचे किती मिळतात ते त्यांनाच विचारा, आणि मग एका तिकिटाच्या किमतीशी ताडून पाहा. गंमत बघा, ही बोट रोज कला अकादमीसमोरून जाते. चार्ल्स कोरियांनी नदीकाठी बांधलेली आपली सगळ्यात मोठी कलावास्तू. 2023 च्या जुलैत, नूतनीकरण सुरू असताना, तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. काठावर संस्कृतीचं छत पडतंय आणि पाण्यात संस्कृतीचा डीजे वाजतोय. तिसरं काही सांगायलाच नको.

आता जरा मागं जाऊ. जुन्या मंडळींना आठवत असेल, पणजीचा धक्का हा कामाचा धक्का होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत इथं लागायची. "कोकण सेवक", "कोकण शक्ती" ही नावं माझ्या पिढीच्या कोकणी-मराठी घरांत अजून निघतात. डेकवर पथारी टाकून, डबा उघडून, शेजाऱ्याला लोणचं देत लोक येत. ते पण बोटीवरचं जेवणच होतं की! त्याचं कुणी पॅकेज केलं नव्हतं एवढंच. पलीकडं जायला फेरीबोट होती, आजही आहे. 5 जुलै 1986 ला मांडवीचा पूल कोसळला तेव्हा नवा पूल होईपर्यंत बार्देश आणि तिसवाडीचा संसार ह्याच फेरीबोटींनी सांभाळला. शाळेची पोरं, कचेरीतले कारकून, मासळीच्या पाट्या, इस्पितळात न्यायचे आजारी, सगळं. आता अटल सेतू आहे, 2019 पासून गाड्या वरून सुसाट जातात. तरी बेतीची फेरीबोट चालू आहे, रायबंदर-चोडण चालू आहे, दिवाडीची चालू आहे. साध्या फेरीबोटीत पायी माणसाला पैसे पडत नाहीत. माझ्या मते गोव्यातली सगळ्यात चांगली क्रूझ तीच. सूर्य मावळताना बेतीच्या फेरीत कठड्याला टेकून उभे राहा, पाच-सात मिनिटांत जेवढी नदी दिसते तेवढी दोन तासांच्या डिनर क्रूझमध्ये दिसत नाही. कारण तिथं स्टेज नाही.

फक्त ती पाच-सात मिनिटांचीच, आणि उभ्यानं. गुडघे दुखणाऱ्या आईला तिथं नेऊन बसवता येत नाही, आणि उगाच फिरायला म्हणून त्याच बोटीनं दहा वेळा इकडून तिकडं करायची पद्धत नाही. म्हणजे नदीत निवांत बसायचं असेल तर पर्याय एकच उरतो. चार माणसांच्या घरानं क्रूझची तिकिटं काढायची तर त्या पैशांत आठवड्याची मासळी येते.

आणि काय हो, नदी आहे कुणाची? 2016 च्या कायद्यानं देशातले 111 जलमार्ग राष्ट्रीय जाहीर झाले. त्यात मांडवी क्रमांक 68. झुआरी आणि कुंभारजुवेचा कालवाही त्या यादीत. तेव्हा गोव्यात आरडाओरडा झाला तो योग्यच होता, भीती कोळशाची होती आणि ती अजून गेलेली नाही. पण कागदावरचा अर्थ तेवढा घ्या. कागदावर मांडवी हा रस्ता आहे. मग ह्या रस्त्यावर बस कुठाय? खनिज वाहणाऱ्या बार्जी वर्षानुवर्षं धावल्या. कॅसिनो उभे राहिले. क्रूझ आल्या. मालकांच्या गाड्या सगळ्या आल्या, सार्वजनिक गाडी तेवढी आली नाही. सौर ऊर्जेवर चालणारी एक प्रवासी बोट सरकारनं मोठ्या थाटात आणली होती. ती पाण्यात फिरल्याच्या बातम्या कमी आणि जेटीला बांधून पडल्याच्याच जास्त वाचल्या.

कॅसिनोंचं काय ते एकदा नीट बघून घेऊ, कारण क्रूझचा प्रश्न त्यांच्यापासून सुटा करता येत नाही. पाणी तेच, रस्ता तोच, गर्दीही तीच. सार्वजनिक जुगाराला आळा घालायचा आपला कायदा 1976 चा. 1992 मध्ये त्याला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतल्या जुगारयंत्रांना वाट करून दिली. 1996 मध्ये आणखी एक दुरुस्ती, ह्या वेळी जहाजांसाठी. शब्द वापरला "ऑफशोअर". ऑफशोअर म्हणजे किनाऱ्यापासून दूर, समुद्रात. आपला ऑफशोअर कुठं आहे? सचिवालयाच्या जुन्या इमारतीतून खडा मारला तर लागेल इतका दूर. मांडवीतून कॅसिनो हलवणार, हे आश्वासन इथल्या कुठल्या पक्षानं दिलं नाही ते सांगा. विरोधात असताना मोर्चे आणि सत्तेत आल्यावर मुदतवाढ, असा हा खेळ आहे, आणि ह्या खेळात टेबलावरचं घर जिंकतं तसंच इथंही तेच जिंकतं.

1 फेब्रुवारी 2020 पासून स्थानिक गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. चांगलं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचा अर्थ काय होतो? जी गोष्ट आपल्या पोराबाळांसाठी वाईट आहे हे सरकारला लेखी मान्य आहे, ती राजधानीच्या दारात बांधून ठेवायला मात्र काही वाटत नाही. पोराला आत जाऊ देणार नाही, पण त्याच्या खिडकीसमोर रोज रात्री दिवे लावू. 2017 च्या जुलैत, ऐन पावसात, एक कॅसिनो जहाज नदीत आणताना मिरामारच्या किनाऱ्याला रुतलं आणि आठवडेच्या आठवडे तिथंच पडून राहिलं, तेव्हा लोक कुटुंबासकट ते बघायला जात होते, फोटो काढत होते. हसू आलं, लाजही वाटली. हा आपला पर्यटनाचा फुकट शो.

आता पाण्याकडं वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत गोव्यातले 11 नदीपट्टे प्रदूषित म्हणून नोंदले आहेत, आणि मांडवीचा माशेल ते वळवई हा पट्टा त्यात आहे. हे पणजीच्या वरचं झालं. पणजीत काय आहे? शहराच्या पोटातून येणारा सांत इनेजचा नाला. त्याच्या सफाईच्या योजना माझ्या मुलाच्या शाळेच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय, मुलगा आता नोकरीला आहे. नाक मुठीत धरून त्या पुलावरून जाणाऱ्याला आकडे सांगायची गरज नाही.

त्यात ह्या बोटी. एका संध्याकाळी शेकडो माणसं बोटींवर खातात, पितात, मोऱ्या वापरतात. भांडी धुतली जातात. ते पाणी जातं कुठं? विचारलं की उत्तर येतं, टाक्या आहेत. असतील. 2021 चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा सांडपाणी आणि कचरा ह्या दोन्हींबद्दल बोलतो, म्हणजे टाक्या असायलाच हव्यात. पण मग त्या टाक्या कुठल्या जेटीवर, किती दिवसांनी, कुणाच्या टँकरमध्ये रिकाम्या होतात, तो तक्ता जेटीवर लावायला हरकत काय? बेकरीवालासुद्धा परवाना काचेत लावून ठेवतो. इथं रात्रीच्या अंधारात, नदीच्या मधोमध, पंप कोण बघणार? मी कुणा एका बोटीवर आरोप करत नाही. हिशेब लोकांसमोर ठेवा एवढंच म्हणतोय, आणि हिशेब समोर ठेवायला एवढा संकोच का, हे तुमचं तुम्ही ठरवा.

आवाजाचंही तसंच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. पाण्यावरून आवाज किती लांब जातो हे नदीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जमिनीवर आपल्या देवळाच्या जत्रेत, दशावतारात दहा वाजले की पोलीस येऊन उभे राहतात. रात्रभर चालणारं नाटक दहाला गुंडाळायचं, आणि नदीतला ठेका? त्याचं मोजमाप घ्यायला रात्री नदीत होडी घालून कोण जातं?

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल बोललं की "अशुभ बोलू नका" म्हणतात. केरळात थेक्कडीला 30 सप्टेंबर 2009 रोजी दुमजली पर्यटन बोट उलटून 45 माणसं गेली. ती बोट कुणा भुरट्याची नव्हती, सरकारी पर्यटन महामंडळाची होती. 7 मे 2023 ला तानूरला संध्याकाळी अंधार पडल्यावर फिरणारी पर्यटक बोट उलटली, 22 माणसं गेली, त्यात पुष्कळशी लहान मुलं. मासेमारीची बोट बदलून केलेली, आणि माणसं क्षमतेपेक्षा जास्त. आपल्या इथल्या बोटी मोठ्या आहेत, भक्कम आहेत, मांडवी पणजीपाशी शांत आहे, हे सगळं मान्य. पण वरच्या डेकवर एकाच वेळी शंभर माणसं उड्या मारत असतात, खाली मुलं जिन्यावर धावत असतात, आणि जीवरक्षक जाकिटं कुठं ठेवली आहेत हे बोट सुटण्याआधी माणसानं उभं राहून सांगितलेलं मी ज्या बोटीवर गेलो तिथं तरी ऐकलं नाही. डीजेनं सांगितलं ते एवढंच, मोबाइल सांभाळा. विमानात पाच मिनिटं घालवतात ना ह्याच्यावर? इथं माइक हातातच असतो.

आता तुमचे मुद्दे. पहिला ठरलेला: "पोटावर पाय आणता काय?" बोटीवरचे खलाशी, स्वयंपाकी, नाचणारी मुलं, जेटीवरचे रिक्षावाले, टॅक्सीवाले, भेळवाले, ह्या सगळ्यांचं घर ह्यावर चालतं. खरंय. खाण बंद झाली तेव्हा बार्जींवरची किती माणसं घरी बसली ते आपण बघितलंय. म्हणूनच सांगतो, नदीत जास्त प्रकारच्या बोटी हव्यात, कमी नव्हेत. सार्वजनिक बोट आली तर तिलाही खलाशी लागतात, तिकीट फाडणारा लागतो, इंजिन बघणारा लागतो, आणि ती नोकरी हंगामावर अवलंबून राहत नाही. दिवाळीला भरती आणि जूनला ओहोटी, अशी नोकरी करून बघा एकदा.

दुसरा: "पर्यटक येतात म्हणून सरकारला पैसा मिळतो." मिळतो. त्यातला नदीवर किती खर्च होतो, एवढंच विचारायचंय.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, कारण तो आपलेच लोक करतात: "पर्यटकांना हेच आवडतं." हे कुणी ठरवलं? कोल्हापूरहून, सोलापूरहून, लातूरहून येणारी माणसं काय फक्त डीजे बघायला शेकडो किलोमीटर येतात? त्यांच्यातल्या अनेकांनी आयुष्यात एवढं पाणी पाहिलेलं नसतं. डेकवर डीजे सुरू झाला की नीट बघा, दोन-तीन आजीआजोबा खुर्ची ओढून कठड्याकडं सरकतात. पाण्याकडं बघत बसतात. कोणी तरी येऊन त्यांना सांगतं, "आजी, इकडं बघा, प्रोग्राम सुरू झाला." त्यांना काय बघायचं होतं ते त्यांनी खुर्ची सरकवून सांगितलेलं असतं. आपण ऐकायला तयार नाही. पाहुण्याला मूर्ख समजून त्याच्या नावावर आपला आळस खपवायचा, असं हे चाललंय.

कोचीत काय केलं ते बघा. 25 एप्रिल 2023 पासून तिथं वॉटर मेट्रो धावते. विजेवरच्या बोटी, बसायला नीट जागा, खिडक्या मोठ्या, कमीत कमी तिकीट सुरुवातीला 20 रुपये. ऑफिसचा माणूसही बसतो, पर्यटकही बसतो, दोघांना तीच नदी, तेच खारं पाणी दिसतं. तिथं लोक रांग लावतात. स्टेज नसताना! आपल्याकडं नदी परिवहन खातं आहे, चालवायला अनुभवी माणसं आहेत, धक्के आहेत, एवढ्या वर्षांच्या फेरीबोटींची शिस्त आहे. कोचीला हे नव्यानं उभारावं लागलं, आपल्याला आहे त्यालाच बसायची बाकं लावायची आहेत.

मला काय हवंय ते साध्या भाषेत सांगतो. रोज संध्याकाळी पाच ते नऊ पणजीच्या धक्क्यावरून एक सार्वजनिक बोट सुटू दे. एक फेरी वर रायबंदरच्या बाजूला, जिथून मिठागरांकडं जाणारा पोर्तुगीजकालीन पूल आणि चोडणची खारफुटी दिसते. एक फेरी खाली रेईश मागूशपर्यंत. तिकीट कदंबच्या बसच्या दराच्या आसपास. बसायला बाकं, म्हाताऱ्यांना चढायला उतरती फळी, स्पीकर नाही. कोणाला डबा आणून खायचा असेल तर खाऊ दे, कचरा परत घरी न्यायचा. आठवड्यातून एक दिवस एखाद्या भजनी मंडळाला, एखाद्या मांडो गाणाऱ्या गटाला बोलवा, मानधन नीट द्या, माइक नको. आणि डिनर क्रूझही राहू देत की! फक्त त्यांना परवाना नवा करताना चार अटी लिहून द्या: खुर्च्यांची निम्मी तोंडं नदीकडं, सांडपाण्याचा तक्ता जेटीवर, जाकिटांची माहिती बोट सुटण्याआधी मराठी, कोकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये, आणि कलाकारांच्या मानधनाचा किमान दर. ताटात एक तरी इथला मासा असावा अशी पाचवी अट घालावीशी वाटते, पण तेवढं मी बाजारावर सोडतो.

कॅसिनोंबद्दल अट वगैरे काही नाही. त्यांनी बाहेर जावं. कायद्यातच समुद्र लिहिलाय.

हे वाचून "छान लिहिलंत" एवढंच म्हणून पुढं जाऊ नका. माहितीच्या अधिकारात अर्ज करायला 10 रुपये फी लागते. बंदर कप्तान खात्याला तीन प्रश्न विचारायचे आहेत: मांडवीत पणजीच्या हद्दीत आजच्या तारखेला किती पर्यटन आणि कॅसिनो बोटींना परवाना आहे, प्रत्येकीची माणसांची मंजूर क्षमता किती, आणि गेल्या तीन वर्षांत प्रत्येक बोटीची सांडपाण्याची टाकी कुठं आणि किती वेळा रिकामी केल्याची नोंद आहे. नदी परिवहन खात्याला चौथा: संध्याकाळची सार्वजनिक प्रवासी बोट सुरू करण्याचा प्रस्ताव कधी आला होता का, आला असेल तर त्याचं काय झालं. मी माझे दोन्ही अर्ज टाकतोय. तुमच्यापैकी ज्यांना टाकायचे असतील त्यांनी हेच शब्द उतरवून घ्या, स्वतःच्या नावानं टाका, उत्तर आलं की इथं लावा. पाटोपासून कांपालपर्यंत राहणाऱ्यांनी तर नक्कीच. आपल्या आमदारांना आणि नगरसेवकांना दारात गाठून हेच चार प्रश्न विचारा, आणि ते काय म्हणाले तेही लिहा. शब्दशः लिहा.